गळ्याशी वस्तरा

म्हाताऱ्या बापाच्या हातात वस्तरा द्यायचा असं मुलाने ठरवलं, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला सरळ वेड्यात काढलं.

"डॉक्टरीणबाई कंगवा म्हणाल्या होत्या, वस्तरा नाही. सकाळी स्वतःचं नाव विसरतात ते, आणि तू त्यांच्यापुढे मान देणार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

डोकं ठिकाणावर होतं. वस्तऱ्याची भीती त्यालाही होती. पण दुसरी भीती त्याहून मोठी होती. बाबा संपत चालले होते. उभा जन्म लोकांच्या दाढ्या करण्यात घालवलेला, गिऱ्हाइकाला हसवून त्याच्याच नाकात फेस घालवणारा हा माणूस आता महिनोन्‌महिने खिडकीशी बसून होता. विसरण्याचा आजार होताच, त्याच्या जोडीला ही उदासी येऊन बसली होती. घास पुढे केला की तोंड फिरवायचे. "मला कशाला वाढता?" एवढंच म्हणायचे आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचे. गोळ्यांनी काडीचाही फरक पडला नाही. हे दोन आजार एकत्र आले की गोळ्या लागू पडतातच असं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हातांना ओळखीचं काम द्या, माणसांत ठेवा. वजन असंच उतरत राहिलं तर मात्र कठीण आहे.

कंगवा दिला, तो बाबांनी खाली ठेवला. ब्रश दिला, तोही ठेवला. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलाने कपाटाच्या वरच्या फळीवरून वस्तरा काढला. बाबांचं विसरणं वाढलं तेव्हा त्यानेच तो गुपचूप तिथे लपवला होता. कुणाला काही व्हायला नको म्हणून.

बाबांच्या दुकानातली जुनी खुर्ची पुढच्या खोलीत होती. तो तीत बसला, कॉलर उघडली, स्वतःच तोंडाला फेस लावला.

"दाढी करायची होती," तो म्हणाला.

त्याने पुढे केलेल्या वस्तऱ्याकडे बाबांनी पाहिलं. मग उठले. पात्याची धार अंगठ्याने पाहिली, आणि हात आपोआप कामाला लागला. कानाजवळून पहिला हात इतका हलका फिरला की मुलाला हायसं वाटलं. गाल झाले, हनुवटी झाली. बायको दाराची चौकट धरून उभी होती.

पातं गळ्यावर आलं आणि थांबलं.

मुलाने वर पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उरलं नव्हतं. बायको पुढे सरकली. त्याने बोटानेच तिला थांबवलं. बाबा दचकले तर संपलंच. त्याने आवंढासुद्धा गिळला नाही.

"मी कुणाला कापलं?" बाबा कुजबुजले.

"कुणालाच नाही," तो ओठातल्या ओठात म्हणाला.

"खोटं नका बोलू, साहेब. वस्तरा काढून घेतला माझा. उगाच घेतील का? माझ्या हातून कुणीतरी मेलं असणार. कोण, तेच आठवत नाही. आणि घरचे मला जेवायला वाढतात!"

मुलाला आता कळलं. इतके महिने हा माणूस खुनी होऊन खिडकीशी बसला होता, आणि ती शिक्षा त्याला आपणच दिली होती. काळजीपोटी दिली होती!

"वस्तरा मी लपवला," तो म्हणाला. "चूक माझी आहे. तुम्ही कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. माझाच गळा बघा. हात लावून बघा."

बाबांनी वस्तरा दूर धरला. दुसऱ्या हाताने त्याचा गळा चाचपला, या कानापासून त्या कानापर्यंत, रक्त शोधत. बोटांना नुसता फेस लागला.

"नाही कापलं," ते म्हणाले आणि उभ्या उभ्या रडायला लागले. बायकोने वस्तऱ्याकडे हात नेला. "राहू दे त्यांच्याकडे," मुलगा म्हणाला. बाबांनी डोळे पुसले आणि दाढी पुरी केली. दुपारी ते चार घास जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालचं काही शिल्लक नव्हतं. बाबांच्या मनातला तो मेलेला माणूस तेवढा परत आला होता; हात पुन्हा मांड्यांखाली गेले होते. मुलाने खुर्ची ओढली आणि कॉलर उघडली. आज भीती कालच्यापेक्षा जास्त होती, कारण पातं गळ्यावर येऊन थांबणार हे आता त्याला माहीत होतं.

"या," तो म्हणाला, "दाढी करायची होती."