गोजरबाईच्या विहिरीवर टाकीवाला

मंद्रूपच्या निम्म्या गावाला पोहायला गोजरबाईनं शिकवलं. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, आधी आपण विहिरीत उतरायचं, मग त्याला ओढायचं. सगळी वर आली की काठावरच्या चपला मोजायच्या. एक जोड जरी बिनमालकाचा उरला तरी परत बुडी. अशा बाईला नात अपेक्षा सांगायला लागली, की पाठीवर हवेची टाकी लावून मालवणला समुद्राच्या तळाचे मासे बघणार. मग ती गप बसतीय व्हय?

"खाली नेणार कोण तुला?"

"खालिददादा. सोलापूरचाच हाय, तितं गाईड हाय. सध्या सुट्टीवर आलाय."

"मग आण की त्याला. माझ्या विहिरीत तुला खाली नेऊन वर आणू दे. तरच मालवण. न्हाईतर हितंच बाजारात मासे बघ."

रविवारी खालिद टाक्या घेऊन आला. गोजरबाई पदर खोचून काठावर उभीच होती. पठ्ठ्यानं पाण्याआधी विहिरीवरच्या मोटरीची वायर बघितली.

"मोटर बंद हाय का, आज्जी?"

"हाय की."

तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. पेटीतला फ्यूज काढून त्यानं खिशात घातला. गोजरबाई चाळीस वर्षं हेच करत आली होती, फ्यूज कनवटीला लावून; आज तेवढा मुद्दाम पेटीतच ठेवला होता. तिला बरं वाटलं, पण तोंड वाकडंच ठेवलं.

"एका वेळी किती जणं नेतोस?"

"नवखं माणूस असलं तर एकच. हात सोडत न्हाय."

"आन पोरगी भ्याली तर?"

"तिनं अंगठा वर केला की लगेच वर. का म्हणून विचारायचं न्हाय."

"समुद्राला काठ न्हाय. चपला कुटं मोजतोस?"

"होडीत माणसंच मोजतो. उतरताना एकदा, चढल्यावर एकदा."

मग त्यानं अपेक्षाच्या पाठीवर टाकी चढवली. "नाक दाबून कानात हवा सोड बघू."

अपेक्षा लालबुंद झाली. एक कान काही उघडेना.

"सर्दी हाय?"

"न्हाय ओ," म्हणाली, आणि सटकन शिंकली.

खालिदनं तिच्या पाठीवरची टाकी उतरवली. "आज न्हाय."

"दादा, थोडंच खाली! आज्जी मालवणला सोडायची न्हाय!"

"न्हाय सोडलं तर न्हाय. कानाचा पडदा फाटला तर काय करू?"

"का रं," गोजरबाईनं डिवचलं, "माझी विहीर बघून भ्यालास?"

"विहिरीला न्हाय, आज्जी. सर्दीला."

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. गोजरबाईला मात्र मायाप्पा सावकार आठवला. तापलेलं पोर घेऊन आला होता, आजच शिकव म्हणून बोंबलत. बापलेकाला तिनं तसंच माघारी धाडलं होतं.

"रडू नगंस गं. जा मालवणला. ज्याला न्हाय म्हणता येतंय, त्याच्याबरुबर जायाला भ्या न्हाय. पण नाक सुकल्यावर."

खालिदनं खिशातला फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला. तो कनवटीला लावत गोजरबाई म्हणाली, "आन माझंबी नाव लिव. पण सांगून ठेवते, मी होडीतच अंगठा वर करणार. का म्हणून विचारायचं न्हाय."