शेरीफची एकच ओळ

टेक्सासमधल्या अर्विंगच्या गुरुनाथ देवधरांना जन्मात पहिल्यांदा नायकाचं काम मिळालं, तेही ठरलेल्या नटाने ऐनवेळी टांग दिली म्हणून. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत तीस वर्षं पडदा ओढलेला हा माणूस आता लेकीच्या, नैनाच्या, जुन्या धाटणीच्या वेस्टर्न सिनेमात शेरीफ झाला होता. बजेट बेताचं. त्यामुळे शेरीफची बायको मार्था म्हणून नैनाने सख्ख्या आईलाच उभं केलं होतं, आणि भाड्याचा घोडा चार वाजता परत द्यायचा होता.

शेवटचा प्रसंग. शेरीफ मरायला निघतो, बायकोला एवढंच म्हणतो, 'आय ॲम गोइंग, मार्था,' आणि घोड्यावर बसून जातो.

गुरुनाथरावांनी मार्था झालेल्या शोभनाबाईंकडे पाहिलं. "आय ॲम कमिंग, मार्था."

"कट! बाबा, यू आर गोइंग!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा कॅमेऱ्यामागचा शंतनू खो-खो हसला. साडेतीन झाले. हे हुकलं तर सिनेमाला शेवटच नाही, दोन वर्षांची मेहनत पाण्यात. नैना रडकुंडीला आली.

"बाबा, एक साधं वाक्य आहे, यार!"

"अगं, निघताना 'जातो' म्हणतं का कोणी? तेही तुझ्या आईच्या तोंडावर?"

"इट्स ॲक्टिंग!"

"त्यांना नको ते बोलायला लावू नकोस," शोभनाबाई फणकारल्या. "गेल्या वर्षी बायपासला आत नेतानाही 'येतो'च म्हणाले होते. म्हणून आले."

नैना हळूच म्हणाली, "मग तेच म्हण, बाबा. मराठीत."

कॅमेरा सुरू झाला. गुरुनाथरावांनी हॅट सारखी केली. "येतो गं."

मार्थाला संवादच नव्हता. तरी शोभनाबाईंनी एप्रनचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाल्या, "या." त्या एका अक्षरात त्यांचा आवाज कातर झाला. असा अभिनय शिकवून येत नाही, आणि खरं सांगायचं तर तो अभिनय नव्हताच. मराठीचा गंध नसलेला टेक्सन घोडेवालासुद्धा डोळे पुसत होता.

नैना 'कट' म्हणायला विसरली. घोड्याची मात्र खाण्याची वेळ झाली होती. तो शेरीफला घेऊन थेट तबेल्यात गेला. दहा मिनिटांनी शेरीफ पायी परतला, पँटला गवत चिकटलेलं.

"आलात?" शोभनाबाईंनी विचारलं.

"सांगून गेलो होतो ना, येतो म्हणून."

कॅमेरा अजून चालूच होता. नैनाने शेरीफला मारायचं रद्द केलं.