पुदिन्याच्या वासाचा धागा

लेकीकडे दीड महिना राहून मी परत आले, तेव्हा आमची अख्खी गल्ली तोंड उघडं टाकून उभी होती. मी दातांची डॉक्टर, उघडी तोंडं मला नवी नाहीत. पण एरवी त्यासाठी मला "आ करा" म्हणावं लागतं. इथं कुणी न सांगता सगळ्यांनी आ केला होता, आणि माना इतक्या वर गेल्या होत्या की मागच्या रांगेतल्यांच्या अक्कलदाढासुद्धा मला दिसत होत्या. त्यातल्या दोन किडलेल्या होत्या.

सगळे बघत होते शेजारच्या लाँड्रीच्या अंगणातल्या निवडुंगाकडे. हा सरळसोट खांबासारखा वाढणारा निवडुंग आमच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचलेला आहे. दरवर्षी त्याला पंज्याएवढी पांढरी फुलं यायची. ती संध्याकाळी उमलायची, सकाळी ऊन तापलं की मिटायची आणि थोड्या दिवसांत देठासकट गळून पडायची. फळ म्हणून कधी धरलं नव्हतं. "वांझोटं आहे मेलं," असं लाँड्रीवाल्या काकू अंगण झाडताना त्याला रोज ऐकवायच्या. आणि आता त्याच्या वरच्या फांद्यांना लालबुंद, मुठीएवढी फळं लटकली होती.

"हे काय?" मी दारात उभ्या असलेल्या आमच्या ह्यांना विचारलं.

"चमत्कार," हे म्हणाले. "फुंकरबाबांनी फुंकर मारली आणि झाड फळलं. तुला फोनवर सांगणार होतो, पण मग तू परतच आली नसतीस."

फुंकरबाबा अंगणात इस्त्रीच्या टेबलावर मांडी घालून बसले होते. खाली घडी केलेली चादर, वर पंखा, अंगावर नुकतीच इस्त्री झालेली पांढरीशुभ्र कफनी. त्यांच्या सगळ्या कफन्या आता इथंच धुवायला येत होत्या, सेवा म्हणून. पुढ्यातल्या माणसाला ते जवळ बोलावत, डोळे मिटत आणि गाल फुगवून "फूऽऽ" करत. डॉक्टर म्हणून त्या फुंकरीबद्दल माझी वेगळीच तक्रार होती. पण भक्तांना त्या वासातही काहीतरी अलौकिक जाणवत असावं.

"सुकल्याला ओल!" बाबा गर्जले.

"फूऽऽ!" गर्दी म्हणाली.

"अडल्याला वाट! नापिकाला फळ! मी काय केलं? काही नाही केलं. वारा सगळीकडे आहे, मी फक्त त्याला दिशा दिली. आणि खूण पाहिलीत? मी झाडावर चढलो नाही, शिडी लावली नाही. तरी प्रत्येक फळाच्या देठाला वरून धागा बांधून आला आहे! पांढरा, अखंड! आणि त्याला सुगंध आहे!"

मी डोळे बारीक करून वर पाहिलं. खरंच, प्रत्येक फळाच्या देठाला छोटीशी पांढरी गाठ होती. मला गाठ ओळखू आली, कारण ती मी मारली होती.

आता थोडं माझ्या वेडाविषयी. दवाखाना खाली आणि निवडुंग वर, असा आमचा संसार आहे. गच्चीवर माझे चाळीसेक उभे निवडुंग आहेत, आणि त्यांची फुलं एकमेकांशी जुळवून नवी रोपं काढायचा मला नाद आहे. आमचे हे मला निवडुंगांची वधूवर सूचक म्हणतात. काम सोपं असतं. एका झाडाच्या फुलातले परागकण मऊ ब्रशनं उचलायचे आणि दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या मधल्या चिकट दांडीवर टेकवायचे. मग कुठल्या फुलाला हात लावला ते विसरू नये म्हणून देठाला खूण बांधायची. इतर छांदिष्ट रंगीत लोकर बांधतात. मी दात साफ करायचा धागा बांधते. तो उन्हापावसात कुजत नाही आणि दवाखान्यात रिळंच्या रिळं पडलेली असतात. पुदिन्याच्या वासाची.

लेकीकडे जायच्या आधी शेजारचा खांब फुलला होता. दूरच्या गावातल्या एका छांदिष्ट मैत्रिणीनं तिच्या झाडाचे पराग डबीतून पाठवले होते, ते मी फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात जपून ठेवले होते. पहाटे कठड्यावरून वाकून मी हाताला आली तेवढी फुलं ब्रशनं उरकली, धागे बांधले आणि बॅग भरायला खाली आले. त्याच सकाळी, म्हणे, बाबा पहिल्यांदा लाँड्रीत आले आणि खालून वर तोंड करून त्यांनी झाडाला फुंकर मारली.

मी हे गर्दीला सांगायला पुढे होणार, एवढ्यात लाँड्रीतली सून माझा हात धरून मला दवाखान्यात घेऊन गेली.

ही मुलगी मला फार आवडते. दिवसभर वाफेत उभी राहून इस्त्री करते, शर्टाची कॉलर अशी वळवते की बघत राहावं, आणि बोलते कमी. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सगळ्या स्वच्छ. तरी घरात "वांझोटं" हा शब्द उच्चारताना काकू कधी झाडाकडे बघायच्या, कधी हिच्याकडे.

"डॉक्टरबाई, येत्या रविवारी ते पहिलं फळ मला खायला देणार आहेत," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, आता डॉक्टर बंद. फळ खायचं आणि वाट बघायची. खाणारीचं मन स्वच्छ असेल तर वर्षात पाळणा हलेल."

"आणि नाही हलला तर?"

"तर माझं मन स्वच्छ नाही. मग सासूबाई दुसरी मुलगी बघणार. बघून ठेवलीय, असं वाटतंय मला."

"आणि तुझा नवरा?"

"ते म्हणतात, आई म्हणेल तसं." तिनं मनगट पुढे केलं. त्यावर पांढरा धागा होता. वाऱ्यानं एक फळ पडलं, त्याचा हा प्रसाद. तिनं तो नाकाशी नेला, मग माझ्या टेबलावरच्या रिळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, गेल्या वर्षी माझी दाढ भरलीत ना तुम्ही? हा वास मी तेव्हापासून ओळखते. हा तुमच्या दवाखान्यातला आहे."

मला तिला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली. गल्लीभर लोक धाग्याला नमस्कार करत होते. तो नीट हुंगून विचार करणारी ही एकटीच होती.

आम्ही दोघी रीळ घेऊन अंगणात गेलो. मी ब्रश, पराग, डबी, लोण्याचा कप्पा, सगळं सांगितलं. रिळातला धागा ओढून लोकांना हुंगायला दिला. मला वाटलं, आता बाबांचे डोळे पांढरे होणार. कसलं काय! बाबा प्रसन्न हसले.

"बघा! बाईंना वाटतं ब्रश त्यांनी धरला. बाई, तुमच्या हाताला पहाटे उठवलं कुणी?"

"गजरानं."

"आणि गजर वाजवला कुणी?"

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्ही निमित्त हो! पण म्हणून बाबांचं श्रेय लाटायचं नसतं." म्हणजे मी नसताना जे घडलं ते सगळं बाबांनी केलं होतं, आणि जे मी केलं होतं तेही बाबांनीच केलं होतं. खऱ्या गोष्टीचा इतका साफ पराभव मी आयुष्यात पाहिला नव्हता. रागानं माझे कान तापले.

तेव्हा सूनच बोलली. "झाडाला परत कळ्या आल्यात. या वेळी बाई अर्ध्याच फुलांना ब्रश लावतील. उरलेल्यांना बाबांनी फुंकर मारावी. फुंकर खरी असेल तर तीही फळतील. आणि तोवर मी फळ खाणार नाही."

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. काकूंनी बाबांकडे पाहिलं. गर्दीही बघत होती, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा म्हणाले, "वाऱ्याला कसली परीक्षा! पण भक्तांच्या समाधानासाठी करू."

कुठली फांदी त्यांची आणि कुठली माझी, हे बाबांनाच निवडायला सांगितलं. त्यांनी उगवतीकडची निवडली, जास्त कळ्यांची. रात्रीच्या पतंगांनी मध्येच लुडबुड करू नये म्हणून कळ्यांवर पिशव्या हव्या होत्या. लाँड्रीत लोकांनी परत न नेलेले उशांचे अभ्रे ढिगानं पडले होते. सुनेनं ते कळ्यांवर चढवून नाडीनं बांधले. फुलांच्या छापाचे, जहाजांच्या छापाचे, एकावर तर "शुभ रात्री" असं भरतकाम होतं. आमचा निवडुंग झोपायला निघाल्यासारखा दिसू लागला.

फुलं उमलली त्या रात्रीनंतरच्या पहाटे बाबा दम खात आमच्या गच्चीवर आले. काकू, त्यांचा मुलगा आणि मावतील तेवढे लोक साक्षीला होते. बाबांनी आपल्या फांदीवरचा एकेक अभ्रा काढायला लावून प्रत्येक फुलाला अगदी जवळून फुंकर मारली. एक फूल हललंही. मी माझ्या फुलांना डबीत उरलेल्या परागांचा ब्रश लावला. मग सगळ्यांवर पुन्हा अभ्रे चढले.

पुढचा आठवडा काकू दर तासाला अंगणात येऊन वर बघत होत्या. लाँड्रीत कधी नव्हे ते एक शर्ट जळला, आणि तो सुनेच्या नाही, मुलाच्या हातून. शेवटी सगळ्यांदेखत अभ्रे काढले. माझ्या फांदीवर फुलं सुकून लोंबत होती, पण त्यांच्या बुडाशी हिरव्या गोट्या टरारून फुगल्या होत्या. बाबांच्या फांदीवर फूल उरलंच नव्हतं. ती सगळी पिवळी पडून अभ्र्यांच्या तळाशी निजली होती, "शुभ रात्री"वालंसुद्धा.

बाबांनी कफनी झटकली. मग म्हणाले, "अश्रद्ध नजर लागली. शिवाय हे झाड…"

"बाबा," सून शांतपणे म्हणाली, "झाडाचं मन स्वच्छ नव्हतं का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. हसू एकदा फुटलं की ते कुठल्याच फुंकरीनं विझत नाही. बाबांना अचानक दुसऱ्या गावच्या भक्तांची आठवण झाली. त्या गडबडीत त्यांच्या दोन कफन्या लाँड्रीतच राहिल्या.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्या खाली पडलेल्या पिवळ्या फुलांकडे बघत होत्या. "पण मग इतकी वर्षं का नाही फळलं हो ते? काहीतरी खोट असणारच ना झाडात?"

"झाडात काहीही खोट नाही, काकू," मी म्हणाले. "गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की तुम्ही या झाडाची फांदी तोडून देता. हौसेनं देता. पण फांदी लावून वाढलेलं झाड वेगळं नसतं, ते हेच झाड असतं. गल्लीत दारोदारी हाच खांब उभा आहे, माझे गच्चीवरचे याला न चालणाऱ्या जातींचे, आणि हा निवडुंग स्वतःचे पराग स्वीकारत नाही. त्याची फुलं दरवर्षी तयार होती, पण चालतील असे पराग कधी आलेच नाहीत. तुम्ही झाडाला वांझ म्हणत राहिलात. परागांकडे कुणी बघितलंच नाही."

हे मी निवडुंगाबद्दल बोलले होते, शपथेवर सांगते. पण ऐकणाऱ्यांनी ते निवडुंगापुरतं ठेवलं नाही. एकेक करून सगळ्यांच्या नजरा वळल्या आणि लाँड्रीवाल्या मुलावर जाऊन थांबल्या. तो कॉलर नीट करू लागला. त्याला कॉलर नव्हती, तो बनियनवर होता.

सुनेनं मनगटावरचा धागा दातांनी तोडला.

"माझ्या तपासण्या चार वेळा झाल्या," ती नवऱ्याला म्हणाली. "दर वेळी मी एकटी गेले. तुमची एकदाही झाली नाही. उद्या दुकान बंद. आपण दोघं जायचं."

त्यानं सवयीनं आईकडे पाहिलं. काकूंचा चेहरा उतरला होता. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि मुलाला म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? ती सांगतेय ते कर. दुकान बंद कशाला, मी उघडते."

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. काकू दिवसभर गल्ल्यावर बसल्या आणि त्यांनी निम्म्या गिऱ्हाइकांना दुसऱ्यांचे कपडे दिले. तपासणीत काय निघालं ते मी सांगणार नाही, तो त्या दोघांचा प्रश्न आहे. एवढंच सांगते, औषधं आता दोघंही घेतात, आणि "वांझोटं" हा शब्द त्या अंगणात पुन्हा ऐकू आला नाही.

बाबांच्या कफन्या अजून तिथंच टांगलेल्या आहेत. ते किंवा त्यांच्यासारखे दुसरे कुणी तुमच्या गल्लीत आले तर भांडू नका, त्याचा उपयोग होत नाही, मी भांडून पाहिलंय. फक्त विचारा, ज्याला फुंकर मारली नाही त्याचं काय झालं? आणि घरात कुणाच्या माथी दोष मारून मोकळे होण्याआधी आणखी एक विचारा, बाकीच्यांना तपासलं का?