फळ्यावरचं दुसरं नाव

कौमुदी आठवडाभर ख्राइस्टचर्चच्या फार्मसीत गोळ्या मोजायची आणि शनिवारी गाडी काढून डोंगरपायथ्याच्या शेतमालकांची दारं ठोठावायची. "मी कौमुदी. माझ्याकडे बंदुकीचं लायसन्स आहे. तुमच्या रानात रानबोकड असतील तर मारायला परवानगी द्याल का?" अशी तीन वर्षं, अकरा दारं. एकाला वाटलं, ही देवाधर्माची पत्रकं वाटायला आलीय. त्याने दाराआडूनच नको म्हटलं. दुसऱ्याने तिला नखशिखांत बघून विचारलं, "नवरा कुठंय?" नवरा, म्हणजे अनिरुद्ध, घरी मसाला भाजत होता. रक्त बघून चक्कर येणारा माणूस, पण रश्श्याची वाटी तिसऱ्यांदा पुढे करताना हात थरथरत नाही त्याचा.

चोरून कुंपण ओलांडणारे कमी नाहीत. कौमुदीला रविवारच्या जेवणांत असे दोन-चार मराठी वीर भेटले होते. "एवढं मोठं रान, कोण बघतंय?" म्हणणारे. हेच लोक कोल्हापुरात शेजाऱ्याने फाटकासमोर स्कूटर लावली तर गल्ली डोक्यावर घेतात. यांची जमीन ती जमीन, दुसऱ्याची म्हणजे मोकळं रान. कौमुदी असं कुणाच्याही तोंडावर म्हणायची, म्हणून तिला जेवणाची बोलावणी जरा कमीच यायची.

बारावं दार मॅव्हिसचं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही बदललेले, जीभ मात्र मूळचीच. तिच्याकडे मेंढ्या, क्रेग नावाचा एक गडी, ब्रूस नावाचा एक म्हातारा कुत्रा आणि ओढ्याकाठी लावलेली शेकडो रोपं. त्या रोपांचे शेंडे रानबोकड रोज खुडून न्यायचे. मॅव्हिसने कौमुदीला अर्धा तास दारातच उभं करून प्रश्न विचारले आणि मग म्हणाली, "ठीक. तू. तुझी बंदूक. मागचा डोंगर. लोकरीच्या शेडमधे फळा आहे, त्यावर नाव, कुठे चाललीस आणि किती वाजता. खाली आलीस की पुसायचं. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद. तुझी अक्कल लावायची नाही."

कौमुदी त्या दिवशी गाडीत बसून रडली होती. आनंदाने. वकिलीची सनद मिळाल्यासारखं वाटलं होतं तिला.

त्याला सहा महिने झाले. आता अनिरुद्धचा पन्नासावा वाढदिवस रविवारवर आला होता, चौदा माणसांना रानबोकडाचा तांबडा-पांढरा रस्सा कबूल केला होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी पोरिरुआहून धाकटा दीर नितीश विमानाने येऊन थडकला. सहा फूट दोन इंच उंची आणि त्याहून लांब जीभ.

"वहिनी, उद्या मीपण येणार."

"भावजी, परवानगी माझ्या एकटीला आहे."

"अहो, मी कुठे बंदूक धरणार आहे? नुसता बघायला. बारशाचं बोलावणं आलं तर तुम्ही काय एकट्या जाता? घर सगळं उचलून नेता."

"ते बारसं आहे. तिथे कुणी गोळी झाडत नाही."

"तुमच्या माहेरच्यांचं काही सांगता येत नाही," नितीश म्हणाला, आणि खलबत्ता धरून बसलेला अनिरुद्ध फिस्सकन हसला. मग म्हणाला, "ने गं त्याला. घरात राहिला तर मसाल्यात बोट घालत बसेल."

कौमुदीने मॅव्हिसला दोनदा फोन लावला. मॅव्हिस फोनला उत्तर देते ती वर्षातून चारदा. आणि मग कौमुदीने तेच केलं जे आपल्यातलं कुणीही करेल. पाहुणा घरचाच आहे, त्यात काय एवढं विचारायचं, असं मनाला सांगून टाकलं. आपल्या पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' छापतो, तेव्हा दुसऱ्याच्या तोंडच्या 'तू' मधेही आपल्याला अख्खं कुटुंब ऐकू येतं.

सकाळी सात दहाला ती शेडमधल्या फळ्यासमोर उभी होती. खडू उचलला. 'कौमुदी, पूर्वेकडची खिंड, ७.१०' असं इंग्रजीत लिहिलं. खडू क्षणभर हवेत थांबला. विचारल्याशिवाय दुसरं नाव लिहायचं तरी कसं? त्यापेक्षा बोकड हातात घेऊनच खाली येऊ आणि हसत हसत सांगून टाकू. तिने खडू ठेवून दिला. बाहेर नितीश जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, गाडीत काढून बूट चढवत होता.

"झाली का नोंदणी? आधार कार्ड लागतं का?"

"गप चला. आणि वर गेल्यावर माझ्या मागे बसायचं. मागे म्हणजे मागे."

खिंडीत पोचायला पाऊण तास लागला. थंडी कडक होती, गवत दवाने जड झालेलं. कौमुदी एका खडकाआड पालथी पडली. नितीश तिच्या मागे दहा पावलांवर बसला, आणि वीस मिनिटं खरोखरच गप्प होता. त्याच्या आयुष्यातला हा विक्रम असावा.

मग बोकड आला. काळा-तांबूस, दाढीवाला, शिंगं अशी की मिशीला पीळ दिल्यासारखी. दीडशे मीटरवर झुडपाच्या कडेला तो निवांत पाला ओरबाडत होता. कौमुदीने बंदुकीवरच्या दुर्बिणीत त्याचा खांदा धरला. श्वास सोडला. डोळ्यासमोर चौदा ताटं मांडलेली.

पण तिला बंदूक चालवायला शिकवणारा म्हातारा एक वाक्य घोटवून गेला होता: घोडा दाबायच्या आधी सोबतचा माणूस कुठे आहे ते डोळ्यांनी बघ. तिने मान वळवली.

मागे कुणी नव्हतं.

"भावजी?" ती कुजबुजली. तिचं बोट आपोआप घोड्यावरून बाजूला झालं. सेफ्टी लावली, बोल्ट उघडला, गोळी काढून हातात घेतली. बोकडाच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ, झुडूप हललं. त्यातून तपकिरी जॅकेट बाहेर आलं. वर हात, हातात मोबाईल, बोकडाचा व्हिडिओ काढत.

बोकडाने नितीशकडे एकदा तुच्छतेने पाहिलं आणि तो टेकडीपलीकडे निघून गेला.

"वहिनी, क्लोजअप! एक नंबर आलाय!" नितीश हात हलवत ओरडला. जवळ आल्यावर मात्र वहिनीचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "अहो, काही झालं तर नाही ना?"

"झालं असतं तर तुमच्या भावाला मी काय सांगितलं असतं? रस्सा झाला नाही, तेरावा आहे?" कौमुदीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात शिव्या. त्यातल्या अर्ध्या नितीशला होत्या, अर्ध्या स्वतःला. "चूक तुमची नाही. तुम्ही मूर्ख आहात हे मला लग्नापासून माहीत आहे. शहाणी मी आहे ना? मग फळ्यावर एकच नाव कसं? चला खाली."

"आणि बोकड?"

"बोकड गेला खड्ड्यात. आधी नाव."

"अहो, आता कुणाला कळणारे? पुसायचं आणि जायचं घरी. परवानगी तरी राहील तुमची."

कौमुदी चालू लागली. बारावं दार बंद होणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. तेरावं ठोठावायचं बळ तिच्यात नव्हतं, हेही दिसत होतं. तरी ती थांबली नाही, तडातडा उतरत राहिली.

शेडमधे मॅव्हिस खुर्ची टाकून फळ्यासमोर बसली होती. पायाशी ब्रूस. बाजूला क्रेग, खांद्याला बंदूक, तोंड आंबलेलं.

कौमुदीने नमस्कार म्हणून कुणाला किया ओरासुद्धा म्हटलं नाही. बंदुकीचा बोल्ट काढून खिशात टाकला होता; रिकामी बंदूक तिने भिंतीला टेकवली, सरळ फळ्यापाशी गेली आणि आपल्या नावाखाली लिहिलं: 'नितीश'. मग वळली.

"हा माझा दीर. मी त्याला तुला न विचारता आणलं. सकाळीच लिहायला हवं होतं, नव्हे, आधी विचारायला हवं होतं. आता तू जे म्हणशील ते."

"तुझ्या गाडीत अकरा नंबरच्या जँडल पडल्यात," मॅव्हिस म्हणाली. "शेजारची सीट पार मागे सरकवलेली. तुझ्या पायांची लांबी मला माहीत आहे. क्रेग पश्चिमेकडच्या घळीत बोकडांवर निघाला होता. फळ्यावर एकच नाव, ते पूर्वेला. दुसरा माणूस कुठे आहे ते कळेना, म्हणून मी त्याला थांबवलं. दीड तास बसलाय इथे, माझा चहा पीत."

"तीन कप," क्रेग म्हणाला.

नितीशच्या आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. तो मटकन लोकरीच्या गाठोड्यावर बसला. "म्हणजे मी... तिकडच्या घळीत गेलो असतो तर..."

"तर मला पोलिसांना फोन करावा लागला असता, आणि मला फोन आवडत नाही," मॅव्हिस म्हणाली. मग कौमुदीकडे वळली. "एक सांग. तुम्हाला वाटलं असतं तर संध्याकाळी गुपचूप नाव पुसून गेला असतात. बोकड न घेताच खाली कशाला आलीस?"

"नाव लिहायला."

मॅव्हिसने नाक शिंकरलं. रुमालाची घडी सावकाश केली. "तू, लंबू. मला काय विचारायचं होतं ते आता विचार."

नितीश ताडकन उभा राहिला. पोरिरुआच्या ऑफिसात साहेबाला न घाबरणारा माणूस, पण त्याने टोपी काढून छातीशी धरली. "मी नितीश. आज तुमच्या रानात वहिनीबरोबर फिरू का?"

"नाही," मॅव्हिस म्हणाली.

क्रेग हसला.

"सकाळ वाया घालवलीस माझी. ती भरून दे. ओढ्याकाठी साठ रोपं लावायचीत. फावडी तिथे आहेत. मग बघू."

कौमुदीने बंदूक गाडीत कुलपात ठेवली आणि फावडं उचललं. दिवसभर तिघांनी खड्डे खणले. नितीशच्या तळहातांना फोड आले, पण तो थांबला नाही. उलट क्रेगशी पैज लावून हरला, वर त्याला 'वहिनी' म्हणायला शिकवलं. क्रेग उरलेला दिवस कौमुदीला "व्हायनी, पाणी दे" म्हणत राहिला. मॅव्हिस खुर्चीवरून हुकूम सोडत होती. "खोल खण! झाड लावतोयस, पत्र टाकत नाहीस!" दुपारी कौमुदीने धपाटे आणि लसणाची चटणी काढली. मॅव्हिसने चटणी बोटाने चाखली, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तिने अजून मागितली.

चार वाजता शेवटचं रोप लागलं. तेवढ्यात ब्रूसचे कान उभे राहिले. समोरच्या उतारावरून पाच बोकड खाली येत होते, थेट नव्या रोपांच्या वासावर. सगळ्यांत पुढे तोच, पिळाच्या शिंगांचा.

कुणी हललं नाही. मॅव्हिस हळूच म्हणाली, "क्रेग, शेडमधे जा. लंबूच्या आणि तिच्या नावापुढे लिही, ओढा, चार वाजता. आणि आपल्या दोघांचीपण नावं. मग परत ये." क्रेग वाकून गेला, वाकूनच परत आला. मग मॅव्हिस कौमुदीला म्हणाली, "आता काय बघतेस? बंदूक आण."

कौमुदीने बंदूक आणली, पालथी पडली आणि मान वळवून मोजलं. मॅव्हिस, क्रेग, नितीश. तिघं मागे, एका रांगेत, नितीशने तर क्रेगचा दंड घट्ट धरलेला. बोकडामागे उतार उभा, मातीचा. तिने श्वास सोडला.

एकच बार झाला. चार बोकड पळाले, पिळाच्या शिंगांचा जागीच बसला.

"स्वीट अॅज, व्हायनी!" क्रेग ओरडला, म्हणजे इथल्या भाषेत एक नंबर. नितीश नाचत नाचत उतारावर गेला, रक्त बघितलं, आणि सख्ख्या भावासारखाच डोळे पांढरे करून गवतात बसला. शेवटी बोकड क्रेगने उचलला आणि नितीशला कौमुदीने.

गाडीत बसण्याआधी कौमुदीने फळ्यावरची आपली आणि नितीशची नावं पुसली. मॅव्हिस दारात उभी होती. "पुढच्या महिन्यात पहिला शनिवार?" मॅव्हिस म्हणाली. "त्याला आणायचं असेल तर आधी विचार. नाही म्हणेन बहुतेक. पण विचार."

"उद्या आमच्याकडे जेवायला ये," कौमुदी म्हणाली. "तू आणि क्रेग."

रविवारी दुपारी घरात रश्श्याचा वास छपरापर्यंत चढला होता. पन्नाशीचा अनिरुद्ध घामाघूम होऊन पातेलं ढवळत होता, आणि नितीश चौदा माणसांना बोकडाचा व्हिडिओ दाखवत होता, त्यात स्वतःचा जीव वाचल्याची गोष्ट दर वेळी जरा वाढवून. बेल वाजली. कौमुदीने दार उघडलं. पायरीच्या खाली क्रेग, त्याच्यापुढे इस्त्रीचा कोट घातलेली मॅव्हिस, आणि तिच्या मुठीत दोरी. दोरीच्या टोकाला ब्रूस.

मॅव्हिसने उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. "तू दोघांना बोलावलंस," ती म्हणाली. "हा तिसरा. विचारल्याशिवाय आत आणणार नाही. नाही म्हणालीस तर गाडीत बसेल."

मागून नितीश ओरडला, "अहो, त्यात काय विचारायचं! या की!"

कौमुदीने त्याच्याकडे असा डोळा वटारला की तो व्हिडिओत परत शिरला. मग तिने ब्रूसकडे नीट पाहिलं, विचार केला, आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "कुत्रा आत आला तर चालेल. पण पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यापासून लांब ठेवायचा."

"ठीक," मॅव्हिस म्हणाली, आणि कोट सावरून आत आली.