बुद्धी शाबूत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

माझ्या बापानं आणि चुलत्यानं आजोबांना वेडं ठरवायला वर्ष घातलं. परत शहाणं करायला जेमतेम आठवडा लागला.

आजोबा म्हणजे बद्रीनाथ अण्णा. चौसाळ्याजवळचं विहिरीचं रान त्यांनी शेळ्या विकून स्वतः घेतलेलं. ते उज्ज्वला आत्याला द्यायचं, असं ते एकदा जेवताना बोलले. नवरा वारल्यावर आत्या माहेरी आली. शेळ्या आणि आजोबांचं औषधपाणी तीच बघते. बाप सुग्रीव आणि काका परमेश्वर जेवण बघतात.

दोघांनी घास गिळला आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटले की म्हाताऱ्याचं डोकं सरकलंय. काका पुढारी आहे, त्यामुळे तेच खोटं रोज नव्या दमानं सांगायचा सराव होता. गाव इतकं तयार झालं की आजोबांनी कुणाला रामराम घातला तरी लोक त्यांना दंडाला धरून घरी आणून सोडायचे.

मग बीडच्या वकिलानं सांगितलं की मृत्युपत्र न करता म्हातारा गेला, तर बहिणीला सारखा वाटा. मृत्युपत्र करून घ्या, पण करणारा शुद्धीवर पाहिजे. तुम्हीच त्याला वेडा केलाय, उद्या बहीण अख्खं गाव साक्षीला आणील.

दोघांनी खोल विचार केला, म्हणजे चहा घेतला. आमच्याकडे कुठल्याही संकटावर इलाज एकच. फाट्यावर फ्लेक्स लागला: 'आदरणीय बद्रीनाथ अण्णा यांची बुद्धी शाबूत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: सुग्रीव, परमेश्वर व समस्त मित्रमंडळ.' शुभेच्छुकांचे फोटो म्हशीएवढे. आजोबा कोपऱ्यात, तिकिटाएवढे. पाठोपाठ मंडप, शाल, नारळ, आणि डॉक्टरांचा दाखला माईकवर वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना आमच्या गावात कारण लागत नाही.

आजोबांनी शाल नीट केली आणि बापाला विचारलं, "कावून रे, सत्कार कशाचा?"

"तुमी शाने हाव म्हणून, अण्णा."

"आन् काल?"

"काल बी होताव."

"मग लोकं मला घरी कावून आणून सोडायलते?"

बापानं हार घातला. 

दुसऱ्या दिवशी मृत्युपत्र करायला आजोबांना बीडच्या रजिस्ट्रीत नेलं. साहेबांनी विचारलं, जमीन मिळणारे कोण? दोघांनी अभिमानानं हात वर केले. साहेबांनी दोघांना बाहेर काढलं. ते भजी खायला गेले. आत आजोबांनी सावकाश सांगितलं: विहिरीचं रान उज्ज्वलाला, खडकाळ माळ दोन्ही पोरांना निम्मा निम्मा. साक्षीदार म्हणून सही केली ती सत्कारात शाल आणि नारळ देणाऱ्या दोघांनी. काकानंच आणले होते ते.

कागद वाचून दोघं तेलकट हातानं वकिलाकडे पळाले.

"वकीलसाहेब, अण्णाचं डोकं सरकलंय," काका म्हणाला.

वकिलानं मोबाईल पुढे धरला. फ्लेक्सचा फोटो काकानंच त्यांना पाठवला होता, खाली हात जोडलेल्या चित्रासकट.

"मंग हे दोघं शुभेच्छुक कोण म्हणायचे?"

बापानं फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाला, "पण फोटो चांगला आलाय."

संध्याकाळी ते फ्लेक्स काढायला फाट्यावर गेले, तर तिथं नुसत्या बल्ल्या होत्या. आत्यानं तो दुपारीच नेला होता. विहिरीच्या रानात शेळ्यांच्या गोठ्यावर छप्पर नव्हतं, आता आहे. छापील बाजू आत आहे. शेळ्या रवंथ करत वर बघतात, वरून बाप आणि काका हात जोडून त्यांना शुभेच्छा देतात.

कुणाच्या तरी कामी आले, हे पहिल्यांदाच.