कोपरा फाडलेलं कार्ड

फुलाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण मयताचं पत्र त्या लांबूनही ओळखायच्या. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की त्या मटकन खाली बसत. वाचून दाखवणारा मागाहून सापडे. अडाण्याचीही सोय बघणारी शहाणी रीत होती ती.

मग मोबाईल आले आणि कार्डं गेली. गुंजवण्यात एकट्या राहणाऱ्या फुलाबाईंच्या घरी रेंज नव्हती. धरणाच्या वळणावर गेलं की साचलेलं सगळं टिणटिण करत येई. शेजारच्या अश्विनीनं त्यांना फोटो उघडायला आणि बोलून निरोप धाडायला शिकवलं होतं. वरव्याला दिलेली थोरली बहीण गीताअक्का आणि त्या, दोघींच्या गप्पा तशाच चालत.

भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी वळणावर भाचा धनाजीकडून अक्काचा फोटो आला. भोवती फुलांची चौकट, खाली दोन ओळी, कोपऱ्यात तेवता दिवा. मागच्या महिन्यात त्याचा वाढदिवसाचा फोटो असाच आला होता. अक्काला पोरांनी ओवाळलं तर! फुलाबाई हरखल्या. अक्काच्या नंबरावर हसत हसत बोलल्या, "अक्का, लई झ्याक दिसतीस गं! म्हातारपणी मिरवून घेतीस व्हय? माझ्या वाटचं गोडधोड ठिव. भात काढला की येतेच म्या."

उत्तर आलं नाही. अक्काही कापणीत असेल, म्हणून त्या गप्प राहिल्या. फोटो मात्र रोज उघडून बघायच्या.

नवव्या दिवशी धनाजी टेम्पो घेऊन दारात आला. पाणीसुद्धा घेईना.

"मावशी, मातीला आला न्हाई, सावडायला न्हाई. उद्या दहावा हाय, आता तरी चला."

"कुणाचा रं?"

"फोन लागंना म्हणून आईचा फोटो धाडला. दोन निळ्या खुणा आल्या. तुमी वाचलं की!"

फुलाबाई उंबऱ्यावरच बसल्या. सख्ख्या बहिणीचं शेवटचं तोंड बघायचं हुकलं होतं, आणि वर नऊ दिवस त्या खुशीत होत्या. त्यांना स्वतःचीच किळस आली.

टेम्पो वळणावर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "अक्काचा मोबाईल कुठंय?"

"कपाटात. त्या दिसापासनं बंदच हाय."

"चालू करू नगंस, बाबा," फुलाबाई म्हणाल्या. "त्यात म्या हसतीया."