पिसं झडायचे दिवस

जूनमधल्या एका शनिवारी वेर्ले आणि तिचा नवरा योरिस तांदळाची टार्ट घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच इर्माच्या मनात पाल चुकचुकली. लेक लुव्हेनला राहायला गेल्यापासून आईकडे यायची ती नाताळात, आणि बाप गेल्यापासून नोव्हेंबरात, सर्व संतांच्या दिवशी, त्याच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवायला. जूनमध्ये ती कधी फिरकली नव्हती.

"काय गं, रस्ता चुकलात का?" इर्मा म्हणाली.

"आईला भेटायला मुहूर्त लागतो का?" वेर्लेनं तिच्या गालाचा मुका घेतला आणि तिच्याकडे न बघता ती सुरी शोधायला आत गेली.

लोमर्सब्रुक गावाच्या टोकाला, तळ्याला लागून इर्माचं घर होतं. पांढरी वाळू उपसून उपसून कंपनीनं मागं सोडलेलं ते तळं. इर्माचा नवरा फ्लोर उभा जन्म त्या वाळूत राबला आणि वाळू संपल्यावर त्याच पाण्याच्या काठी म्हातारा झाला. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. पुढं एका सकाळी हंसांचं एक जोडपं गवतावर चढून आलं. कॅनडाचे ते हंस, काळ्या मानेचे, गालावर पांढरा पट्टा असलेले, भांडकुदळ आणि जातील तिथं घाण करणारे. इर्मानं शेजारच्या गुस्तच्या कोंबड्यांचा मका त्यांच्यापुढं टाकला. बघता बघता सगळा थवा यायला लागला. ती जस्ताच्या बादलीवर पळी वाजवून "या गं बायांनो, या!" अशी हाळी द्यायची, की पलीकडच्या काठावरनं पाणी कापत सगळे हजर. गावानं तिचं नाव 'हंसांची महाराणी' ठेवलं होतं. तिला ते तोंडदेखलं आवडत नसे. मनातून आवडायचं.

टार्ट खाऊन झाल्यावर योरिसनं घसा साफ केला. तो निसर्गाची कामं घेणाऱ्या एका संस्थेत होता. काय करतो ते इर्माला कधी नीट कळलं नव्हतं. पक्षी, झाडं, पाणी असं काहीतरी.

"आई, तुमच्याकडं एक काम होतं. मंगळवारी सकाळी आमची माणसं तुमच्या गवतावर आली तर चालेल का? हंसांच्या पायात कड्या घालायच्यात. या दिवसात त्यांची पिसं झडलेली असतात, उडता येत नाही. एरवी होड्या घेऊन पाठलाग करावा लागतो, पिल्लं घाबरून मरतात. तुमच्या हाकेला ते आपणहून येतात. त्यांनाही त्रास कमी."

"कड्या कशाला?"

"कुठं जातात, किती जगतात, ते कळतं."

इर्मा फुलून आली. "माझ्याशिवाय त्यांना कोणी आणूच शकत नाही, हे खरंय. ती लंगडी मादी तर माझ्या हातातनं खाते. तिचं नाव मी मादाम ठेवलंय. तिलाही घालणार कडी?"

"हो… सगळ्यांनाच," योरिस म्हणाला.

वेर्ले ताटलीतला चुरा काट्यानं गोळा करत होती. तो संपला तरी तिचा काटा थांबला नाही.

मंगळवारी इर्मानं इस्त्रीचा झगा घातला, वर फ्लोरनं कधीतरी आणलेला निळा रुमाल बांधला. हिरवी जाकिटं घातलेली माणसं आली. त्यांनी गवतावर जाळीच्या चौकटी उभ्या केल्या. पाण्याच्या बाजूला रुंद आणि घराकडं निमुळता होत जाणारा कोंडवाडा तयार झाला. तळ्यात दोन होड्या लांब उभ्या राहिल्या. कुंपणापलीकडं गुस्त गळ घेऊन बसला होता. मासे कमी लागायचे आणि गप्पा जास्त, असा तो म्हातारा.

"इर्मा, आज लग्न आहे का कोणाचं?"

"तुझ्यासारखा नवरा मिळत असता तर केलं असतं."

गुस्त हसला. मग त्यानं रस्त्याकडं मान वळवली. "कड्या घालायला एवढी बंद गाडी कशाला लागते गं?"

इर्मानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बादली वाजवली.

ते आले. पाण्यातून ओळीनं, मग काठावर पंख झटकत, मग गवतातून डुलत डुलत. मधे करड्या लवेची, अर्धी वाढलेली पिल्लं. मादाम लंगडत सगळ्यांच्या पुढं. इर्मा मका टाकत मागं मागं सरत गेली आणि सगळा थवा तिच्यामागून जाळीत शिरला. पाठीमागं चौकट लागली. कोणी ओरडलं नाही, एकही पिल्लू घाबरलं नाही. हिरव्या जाकिटातल्या एका बाईनं अंगठा वर करून तिला दाखवला. इर्मानंही दाखवला.

मग त्यांनी निमुळत्या टोकाकडून हंस उचलायला सुरुवात केली. पंख दाबून, एकेक, प्लास्टिकच्या खोक्यात. पहिली मादामच गेली. भरलेली खोकी दोघं दोघं मिळून गाडीकडं नेऊ लागले.

इर्मा त्या अंगठा दाखवणाऱ्या बाईजवळ गेली. "कड्या गाडीत घालता होय? इथंच घाला की. मला बघायचंय."

"कसल्या कड्या?" बाई म्हणाली.

"पायातल्या."

बाईनं वळून योरिसला शोधलं, आणि तिच्या चेहऱ्यावरनंच इर्माला सगळं कळलं. ती गाडीकडं गेली. मागचं दार उघडं होतं. आत पत्र्याची एक मोठी पेटी होती, पेटीला नळी, नळीच्या टोकाला गॅसच्या टाक्या.

योरिस धावत आला. "आई, तुम्ही आत चला. मी समजावतो."

"मारताय तुम्ही त्यांना."

"दुखत नाही त्यांना. झोप लागते, बस. डॉक्टर आहे बरोबर. सगळं कायद्यानं आहे, आई. तळ्याकाठची बोरूची बेटं बघा, एकही धड उरलं नाही. सगळं यांनी खाल्लं. बोरू गेला की त्यात घरटं करणारा वटवट्या पक्षी गेला. बाबांना वटवट्या किती आवडायचा, तुम्हीच…"

"त्याचं नाव काढू नकोस." इर्माचा आवाज खाली आला. "त्या माणसानं आयुष्यात मला एक खोटं सांगितलं नाही. आणि तू माझ्या टेबलावर बसून, माझी कॉफी पिऊन, माझ्याच तोंडानं त्यांना बोलावून घेतलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तयार झाला असता का?"

"ते माझं मी ठरवलं असतं!"

"वेर्लेच म्हणाली, आईला सांगू नकोस, ती कधीच…" योरिसनं जीभ चावली.

इर्मा वळली आणि तरातरा गवतावर गेली. पाण्याकडच्या चौकटीला दोन लोखंडी खुंट्या होत्या. तिनं पहिली उपटली. दुसरी निघेना, तिनं बादलीनं तिच्यावर घाव घातले. योरिसनं मागून तिचा हात धरला. "आई, वेडेपणा करू नका!"

"हात सोड! केसानं गळा कापतोस आणि वर आई म्हणतोस?" तिनं कोपरानं त्याला असं ढोसलं की तो मक्यावरनं घसरून हंसांच्या घाणीत बसला. खुंटी निघाली, चौकट आडवी झाली. पण हंस हलेनात. ते तिच्याकडंच बघत उभे होते, अजून मका मिळेल म्हणून.

"निघा! मेल्यांनो, निघा!" इर्मा किंचाळली. तिनं बादली त्यांच्यात फेकली. तेव्हा कुठं ते बिचकले, आणि गवतावरनं, चौकटीवरनं, योरिसच्या पायांवरनं धडपडत पाण्यात पडले.

गाडीत गेलेले मात्र गेले. इर्मा गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली, पण ड्रायव्हरनं मागं घेऊन दुसऱ्या गल्लीतनं गाडी काढली. मादाम त्यातच होती.

दुपारी वेर्लेचा फोन आला. पहिली बोलली तीच. "आई, योरिसला तू ढकललंस? सगळ्यांच्या देखत? त्याची नोकरी आहे ती!"

"आणि मी कोण आहे तुझी? बादली वाजवणारी मोलकरीण?"

"तुला सांगून काय उपयोग होता? तू ऐकलं असतंस?"

"विचारून बघायचं होतंस."

"विचारून?" वेर्लेचा आवाज चिरकला. "बाबा गेल्यापासून मी दर रविवारी फोन करते. तू काय सांगतेस? मादामनं काय खाल्लं, मादामचा पाय कसा आहे. माझं गेल्या वर्षी काय झालं, कोणत्या दवाखान्यात होते, एकदा तरी विचारलंस? माझाही बाप मेला होता, आई. मला हाळी दिली नाहीस कधी."

"कोणता दवाखाना?" इर्मानं विचारलं.

पण पलीकडून फोन ठेवला होता. तिनं परत लावला. वेर्लेनं उचलला नाही. इर्माला लेकीचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि दोन्ही एकात एक मिसळून तिला रात्री जेवण गेलं नाही.

गाव दोन तटांत वाटलं गेलं. बेकरीत एक जण म्हणायचा, बरं केलंस. दुसरी म्हणायची, पोहायच्या जागेवर यांच्या घाणीत पाय पडतो तो आमचा. इर्मा दोघांनाही उत्तर द्यायची नाही, पाव घ्यायची आणि दार आपटून निघायची.

रविवारी गेंटहून प्राण्यांसाठी लढणारी मंडळी आली. फलक, भोंगा आणि फोन घेऊन. इर्मानं दार उघडलं, तर एक केस रंगवलेली पोरगी तिच्या गळ्यातच पडली. "तुम्ही आमच्या वीर आजी आहात! जरा तळ्याकडं बघत उभ्या राहता का? बादली हातात घेऊन?"

"गवतावरनं उतरा," इर्मा म्हणाली.

"आम्ही तुमच्या बाजूचे आहोत."

"माझी बाजू तुम्हाला काय ठाऊक? त्या हंसांनी बोरू खाल्ला, हे खरं आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. मी मका टाकायला नको होता, हेही खरं आहे. लिहा ते तुमच्या फलकावर."

पोरगी गोंधळली. "म्हणजे… मारायला पाहिजेत असं तुमचं म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं आहे की चालते व्हा!"

कुंपणापलीकडं गुस्तला हसू आवरेना. "इर्मा, आता माझ्यावर पण ओरडून घे, म्हणजे सगळे संपले."

"तू गप रे! तुला गाडी दिसली होती. धड ओरडून सांगता आलं नाही?"

गुस्तचं हसू मावळलं. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल," तो म्हणाला आणि गळ गुंडाळून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंस पुन्हा आले. बादली वाजली नव्हती, तरी आले. थवा विरळ झाला होता. ते तिच्या पायऱ्यांपाशी येऊन माना वर करून उभे राहिले, कालपरवा काही घडलंच नव्हतं असे. इर्मा खिडकीतून बघत होती. योरिसची माणसं पुन्हा येणार होती. पलीकडच्या काठावरनं येतील, पुढच्या वर्षी येतील. त्यांच्या ओठांवर दुसऱ्या कोणाची हाळी असेल, आणि ही मूर्ख जात डुलत डुलत जाईल. कारण माणसाचा आवाज म्हणजे मका, हे त्यांना तिनंच शिकवलं होतं.

तिनं झाडू उचलला.

पहिल्या दिवशी ते थोडे मागं सरले आणि पुन्हा जवळ आले. त्यांना तो खेळ वाटला. तिनं एकाच्या पाठीत खरोखर हाणला. तो फिस्कारला, त्यानं तिच्याकडं मान वाकडी करून बघितलं. तिला रडू फुटलं, पण तिनं दुसऱ्यालाही हाणला. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. "फसवलंय मी तुम्हाला, कळत नाही का? माझ्याजवळ येऊ नका! कोणाजवळच जाऊ नका!" शेजारीपाजारी म्हणू लागले, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

ऑगस्टमध्ये नवी पिसं आली. हंस उडू लागले, तरी पाचसहा जण हट्टानं गवतावर उतरायचेच. अशाच एका संध्याकाळी वेर्ले एकटी बसनं आली. फाटकातून आत येते तो काय, आई झाडू घेऊन गवतावर धावतेय, केस सुटलेत, तोंडानं शिव्या चालू.

"आई! काय करतेयस?"

"दिसत नाही? हाकलतेय!"

"ज्यांच्यासाठी माझ्या नवऱ्याला लोळवलंस, त्यांनाच?"

"त्यांनाच. माझ्या आवाजानं ते एकदा मेले, आता पुन्हा मरायला नकोत." इर्मा दम घेत थांबली. "कोणता दवाखाना गं? आधी ते सांग. दोन महिने विचारतेय, फोन उचलत नाहीस."

वेर्लेनं पिशवी खाली ठेवली. "पोटात मूल होतं. राहिलं नाही," ती म्हणाली. "तुला सांगायला आले होते. तू बादली वाजवत होतीस. मी तशीच परत गेले."

तेवढ्यात दोन हंस इर्माच्या पायाशी आले. तिनं झाडू उगारला आणि तसाच खाली घेतला.

वेर्लेनं पिशवीतली छत्री काढली. ती फटकन उघडून ती हंसांवर धावून गेली. "चला! निघा! हुश्श!" मग तिचा आवाज चढत गेला. "योरिसला मीच सांगू दिलं नाही, मीच! आणि तू आई, तू एकदाही… निघा म्हणतेय ना!"

"मी एकदाही काय? बोल की!" इर्मानं दुसऱ्या बाजूनं झाडू आपटला. "मनात ठेवून माझ्या अंगणात सापळा लावलास, त्यापेक्षा तोंडावर बोलायचं होतंस!"

"तू ऐकत होतीस कुठं?"

"आता ऐकतेय ना!"

दोघी मायलेकी गवतावरनं अशा ओरडत धावत होत्या, की हंसांना कोणाला भ्यावं ते कळेना. शेवटी ते पंख फडफडवत उठले आणि तळ्यावरनं पलीकडच्या पाइनच्या रांगेकडं गेले. गवत रिकामं झालं. भांडण मात्र संपलं नव्हतं. ते दोघींबरोबर स्वयंपाकघरात गेलं आणि दिवा लागल्यावरही गुस्तला त्याच्या घरात ऐकू येत राहिलं. मधेच कोणीतरी रडत होतं. ते कोण, हे मात्र त्याला ओळखता आलं नाही.